एकशे बेचाळीस श्वास

रेकॉर्डिंग संपल्यावर चौथ्या दिवशी आम्हाला अल्बम ऐकायला बोलावलं. हा आपला शेवटचा, असं बाईंनी सांगितलं होतं. कंपनीच्या साहेबांनी ते जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलं. खरं मानायची तसदी मात्र घेतली नाही.

बाई जॅझ गातात. एकतीस वर्षं मी त्यांच्यासोबत पियानो वाजवतोय. आमच्यात एक-दोन-तीन मोजून सुरुवात होत नाही. बाई श्वास घेतात, मी पट्टी दाबतो. बस्स. माझी अख्खी कारकीर्द बाईंच्या नाकावर उभी आहे, असं माझी बायको म्हणते, आणि ती नको तिथे बरोबर असते.

पहिलं गाणं लागलं. आवाज गुळगुळीत, आणि माझा पियानो न बोलावलेल्या पाहुण्यासारखा कधीही आत शिरत होता.

“काय केलंत हे?” बाईंनी विचारलं.

रेकॉर्डिस्टचा चेहरा खुलला. “श्वास काढले, मॅडम! एकशे बेचाळीस निघाले. एकेक वेचून काढलाय.”

साहेब म्हणाले, “तुमच्या वयात श्वास ऐकू आला की लोकांना काळजी वाटते. काळजी वाटली की लोक गाणं बदलतात. आकडे आहेत आमच्याकडे.”

साहेबांकडे सगळ्याचे आकडे असतात. कान तेवढे नाहीत.

परवानगीच्या कागदावर बाईंची सही बाकी होती. ती झाली की हे असलंच गाणं त्यांच्यामागे राहणार. बाईंनी पेन उचललं आणि परत ठेवलं.

“काढलेले श्वास कुठेत?”

“वेगळ्या फाइलमध्ये. टाकूनच देणार होतो.”

“लावा.”

खोलीभर नुसते श्वास. साहेबांनी फोनमध्ये तोंड घातलं. माझी बोटं टेबलावर आपोआप चालायला लागली. ह्यावर पहिलं गाणं, ह्यावर दुसऱ्याचा मधला तुकडा. एकही जागा चुकली नाही. बाई माझ्या बोटांकडे बघत होत्या.

“हे सगळे जिथल्या तिथे घाला,” त्या म्हणाल्या. “मग सही.”

साहेबांनी खांदे उडवले. “बरं, तुमची हौस. घाल रे परत.”

रेकॉर्डिस्टने तिथेच बसून ते घातले. पहिलं गाणं ऐकून बाई हसल्या आणि त्यांनी सही केली. मला हसू येईना. पहिल्या गाण्यात त्या एका श्वासात चार ओळी नेत होत्या. शेवटच्या गाण्यात प्रत्येक ओळीला श्वास होता, आणि शेवटच्या ओळीत तीन. वाजवताना मी प्रत्येकाबरोबर गेलो होतो, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मघाशी, नुसते श्वास ऐकताना आलं. मला भीती वाटली.

साहेबांनी डायरी उघडली. “पुढच्या अल्बमला मात्र साफ करू हं, मॅडम. कधीचा धरू?”

“धरू नका,” मी म्हणालो.