नंबर नसलेले डोळे

मित्रांनो, डोळे तपासायची एक जुनी फ्रेम तुमच्याशी बोलते आहे. दिसायला मी चष्म्यासारखी, पण मला स्वतःच्या काचा नाहीत. माझ्या खाचांत एकेक काच बसवायची, "आता दिसतं का?" विचारायचं, आणि बरोबर काच सापडली की समोरचा चेहरा उजळायचा. देवाने डोळे दिले, त्यांना हातभार लावायचं काम माझ्या वाट्याला आलं. याहून मोठं भाग्य कोणतं?

कारखान्यात माझ्या दांड्या वाकवल्या, स्क्रू बसवले आणि मी चष्मेवाल्या काकांच्या छोट्या दुकानात आले. किती नाकं पाहिली मी! चपटी, धारदार, सर्दीने गळणारीसुद्धा. काम झालं की काका मला मऊ फडक्याने पुसत. "ही बाई माझ्यापेक्षा जास्त माणसं ओळखते," असं म्हणत, आणि मी फुगून जाई.

मैत्रिणीला चष्मा लागला की एखाद्या मुलीला आपल्यालाही तो हवासा वाटतो. अशी मुलगी आली की काका माझ्यात हळूच बिननंबरची साधी काच बसवत.

"आता?"

"एकदम छान दिसतं, काका!"

मग काका खो खो हसत. "अगं, ही नुसती काच आहे. पळ, खेळायला जा."

पुढे डोळे तपासायचं मशीन आलं आणि मी खणात धूळ खात पडले. काकांचे हातही थरथरू लागले. त्यांनी दुकान बंद करायचं ठरवलं आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या ताईला आठवण म्हणून मला देऊन टाकलं. तिच्या पगारावर तिचं आणि आईचं घर चालायचं.

तेवढ्यात एका बड्या चष्मा कंपनीचं बोलावणं आलं. पगार दुप्पट! पण तिथे गेलेला कोणी चष्मा घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही, असं लोक म्हणत. ताई घुटमळली.

"लोकांचं काय घेऊन बसलीस?" आई म्हणाली. "घरभाडं लोक भरणार आहेत का?"

"अगं आई, पण..."

"एक दिवस जाऊन तर बघ. बसल्या जागी नाक मुरडू नकोस."

नाकांचा मला अनुभव आहे. ताईचं नाक मुरडलेलं नव्हतं, लाल झालेलं होतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या चकचकीत दुकानात एक बाई लेकीला घेऊन आली. मशीनमध्ये मुलीला नंबर निघाला नाही. खात्रीसाठी ताईने पर्समधून मला काढलं. दुकानाचे साहेब हळूच म्हणाले, "साधी काच बसवा."

ताईने बसवली. मुलगी ओरडली, "मस्त दिसतंय!"

"बघा बाई, दिसायला लागलं," साहेब म्हणाले. "लगेच बनवून देतो."

"द्या मग. पोरीच्या डोळ्यांपुढे पैसा काय!" असं म्हणत बाईंनी किमतीचं कार्ड हातभर लांब धरलं आणि डोळे बारीक केले.

ताईचा हात माझ्या दांडीवर थांबला. तिची नाडी मला जाणवत होती. देवा, बोलू दे हिला, असं मी मनात म्हटलं.

"काकू, लेकीला नंबर नाही. ही साधी काच आहे. पण तुम्ही जरा बसता का?"

"माझं काय आता? तिचं बघा."

"बसा तर."

ताईने मला बाईंच्या नाकावर चढवलं. एक काच, दुसरी काच. बाई लेकीकडे बघतच राहिल्या. "अगं, तुझ्या हनुवटीवर हा तीळ कधी आला?"

"आई, तो पहिल्यापासून आहे!"

साहेब हसले. "वा! मग दोन्ही बनवा."

"एकच, सर. आणि उद्यापासून मी येणार नाही."

"पस्तावाल."

"पस्तावेनही. पण रोज नाही पस्तावणार."

घरी सगळं ऐकून आईने डब्यातले भाड्याचे पैसे मोजून पाहिले. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "भाड्याचं बघू काहीतरी. काकांना विचार, दुकान तुला चालवायला देतात का."

काकांनी उत्तर द्यायच्या आधी किल्लीच पुढे केली. गिऱ्हाईक अजून थोडं आहे, पण आलेला माणूस दुसऱ्याला घेऊन येतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू अडगळीत टाकू नका. स्क्रू सैल झाले तर घट्ट करा, आम्ही अजून कामाच्या आहोत. आणि मोठे होऊन नोकरी शोधायला जाल, तेव्हा पगार जरूर विचारा. पण स्वतःला एवढंही विचारा, की तिथे आलेल्या माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून मला बोलता येईल का?