लाल गाडी आली तरच

माझी लाल गाडी मी विकली तेव्हा घरातल्या कुणाच्याही डोळ्यांत पाणी आलं नाही. माझ्याही नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. दोन दारांची, बुटकी, जमिनीला चिकटून धावणारी गाडी होती ती. चालायची तेव्हा अशी चालायची, की दिवसभर कवळ्या घासत बसणाऱ्या माझ्यासारख्या माणसालाही आपण कुणीतरी आहोत असं वाटावं. पण चालायची तेव्हा. थंडीत ती सुरू व्हायची नाही, उन्हात तापायची, आणि बाकीच्या दिवसांत तिच्या पोटातून असा काही वास यायचा की मेकॅनिक नुसतं हुंगून म्हणायचा, "ठेवून जा." माझी बायको तिला बाईसाहेब म्हणायची. सकाळी मी किल्ली घेतली की ती विचारायची, "बाईसाहेबांची इच्छा आहे ना आज?"

मी दातांच्या कवळ्या बनवतो. दंतवैद्य लोकांच्या जबड्यांचे साचे पाठवतात, मी त्यावरून दात बसवून परत करतो. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक भट्टी आणि सतत उडणारी पांढरी भुकटी. तिथे मी दहाला पोचतो. त्याआधी नऊ वाजता ताईच्या घरून बाबांना घ्यायचं आणि वृद्धांच्या केंद्रात सोडायचं, हे माझं काम. ताई शाळेत शिकवते, तिला सातलाच निघावं लागतं. मधले दोन तास शेजारच्या काकू लक्ष ठेवतात.

बाबांनी पस्तीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलं. आता त्यांना काल काय झालं ते आठवत नाही, जेवलो की नाही ते आठवत नाही, आई गेलीये हेही मधूनमधून आठवत नाही. गुडघे तर कधीच कामातून गेलेत. त्यांना त्या बुटक्या गाडीत बसवणं म्हणजे रोजची कसरत होती. आधी बूड, मग डोकं, मग एकेक पाय. उतरताना मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना अक्षरशः उपसून काढायचो. त्रास होतो का म्हणून विचारलं, की म्हणायचे, "छे रे, झकास गाडी आहे." मला ते ऐकायला बरं वाटायचं, म्हणून मी विश्वास ठेवायचो.

मग एका सकाळी गाडी भर वळणावर बंद पडली. मागे रांग लागली, लोक हॉर्न वाजवून जीव नकोसा करायला लागले आणि मी बॉनेट उघडून, काही कळत नसताना कळत असल्यासारखा बघत उभा राहिलो. पाऊण तास गेला. आत येऊन बघतो तर बाबांची पँट ओली झाली होती. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाणी सांडलं." गाडीत पाण्याची बाटली नव्हती. त्याच दिवशी मी विकायचं ठरवलं.

नवी गाडी पांढरी, उंच, पाच दारांची. तिच्यात खुर्चीवर बसावं तसं सरळ बसता येतं. ती पहिल्या फटक्यात सुरू होते आणि सुरू झाली हेही कळत नाही. मला ती मुळीच आवडली नाही आणि त्याचाच मला अभिमान वाटला. शहाणी माणसं अशाच गाड्या घेतात. सोमवारी सकाळी मी ती ताईच्या दारात उभी केली. बाबा पायरीवर मांडीत पिशवी घेऊन बसले होते. मी उतरलो, त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणालो, "चला बाबा."

त्यांनी आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माझी गाडी यायची आहे," ते म्हणाले. "लाल आहे. तुम्ही पुढे व्हा."

मी हसलो. थट्टा करतायत असं वाटलं. मग त्यांच्या मागे दारावर चिकटवलेला कागद दिसला आणि माझं हसू जागच्या जागी वाळलं.

तो कागद आमचाच. मागच्या वर्षी बाबा दारात उभ्या असलेल्या एका प्लंबरच्या निळ्या गाडीत जाऊन बसले होते. गाडी शिकायला कुणी शिकाऊ आलाय असं त्यांना वाटलं. त्यांनी त्या प्लंबरला आरसे नीट करायला लावले, पट्टा बांधायला लावला आणि निघा म्हणाले. तो बिचारा भिडस्त, निघाला. बाबा सापडेपर्यंत तीन तास आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यानंतर ताईने वर्गात फळ्यावर लिहिते तसल्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलं: लाल गाडी आली तरच बसायचं. त्याच्याखाली मी आणखी एक ओळ घालायला लावली: कुणीही सांगितलं तरी दुसऱ्या गाडीत बसायचं नाही. ताई रोज निघताना त्यांच्याकडून ते म्हणून घ्यायची. सगळं विसरणाऱ्या बाबांनी तेवढं मात्र पक्कं धरून ठेवलं, कारण नियम म्हटला की तो पाळायचा, हे त्यांच्या हाडात आहे. आणि गाडी बदलताना हा कागद मी, ताई, बायको, तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. ताईने रंग विचारला होता, मी पांढरा सांगितला होता, ती म्हणाली होती, पांढरा लवकर मळतो.

"बाबा, मी आहे," मी म्हणालो.

ते माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला, ते मला दिसत होतं. मग अगदी नम्रपणे म्हणाले, "असाल. पण मला लाल गाडीतूनच जायचंय. तसं लिहिलंय."

मी तिथेच, उघड्या दाराला धरून उभा राहिलो. बाबा मला जन्मात कधी अहोजाहो करत नाहीत. कितीही लहान शिकाऊ असला तरी त्याला ते अहो म्हणायचे. मला मात्र अरे, नाहीतर गाढवा. रोज सकाळी मला बघून त्यांचा चेहरा खुलायचा, "आलास का," म्हणायचे. ते मला म्हणत होते की त्या लाल बॉनेटला? ते मला ओळखेनासे होऊन किती महिने झाले असतील? त्या गाडीने मला किती वेळा तोंडघशी पाडलं त्याचा हिशोब नाही, पण बाबांचं हे विसरणं माझ्यापासून झाकलंही होतं, ते मला ती विकल्यावर कळत होतं.

त्या दिवशी ताईला शाळा सोडून यावं लागलं. केंद्राच्या बाईंना मी फोन केला तर त्या चांगल्या शब्दांत, पण स्पष्ट बोलल्या. सलग आठवडाभर कुणी आलं नाही तर जागा पुढच्या माणसाला जाते, यादी लांब आहे. आणि बाबा गाडीतच बसत नसतील तर कायमचं ठेवून घेणाऱ्या एखाद्या ठिकाणाचा विचार करा, असंही त्या म्हणाल्या. ताईच्या रजा संपल्या होत्या. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभं राहून एकमेकांवर खेकसलो. तिचं म्हणणं, गाडी कुणाला विचारून विकलीस? माझं म्हणणं, तूच तर वर्षभर मागे लागली होतीस. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे भांडण काही पुढे सरकलं नाही.

मंगळवारी ताईने नवा कागद लावला: पांढरी गाडी आली तरच बसायचं. बाबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि म्हणाले, हे कुणीतरी खोडसाळपणे बदललंय, नियम असा रातोरात बदलत नाही, मूळ कागद कुठे आहे? बुधवारी बायकोच्या सल्ल्याने मी बॉनेटवर लाल चादर बांधून नेली. रस्त्यात लोक वळून बघत होते. बाबांनी गाडीला एक चक्कर मारली, चादरीचं टोक उचललं, खाली बघितलं आणि मला म्हणाले, "ही पांढऱ्या गाडीवर लाल चादर आहे." त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल कीव होती. वेडं नक्की कोण झालंय, ते त्या क्षणी मला छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

गुरुवारी मी हात टेकले. ताईच्या पायरीवर, बाबांच्या शेजारी बसूनच मी लाल गाडी घेणाऱ्या बाईंना फोन लावला. त्या गाणं शिकवतात. गाडीचे सगळे दोष मी त्यांना सांगितले होते आणि त्यांनी ते, मी घेताना ऐकले होते तितकेच ऐकले होते. म्हटलं, रोज सकाळी अर्धा तास गाडी मिळेल का, वडिलांसाठी हवी आहे. त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. गाडी आदल्या दिवशी चौकात बंद पडली होती आणि आता गॅरेजमध्ये होती. पाच मिनिटं त्यांनी माझा सुरेल आवाजात उद्धार केला. मी हो, बरोबर आहे, असं म्हणत राहिलो आणि फोन ठेवला.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"लाल गाडी बंद पडली," मी म्हणालो. चार दिवसांत त्यांना समजेल असं, सरळ आणि खरं असं मी बोललेलं ते पहिलंच वाक्य.

"पुन्हा?" बाबा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. न आलेल्या गाडीचं कारण त्यांना मिळालं होतं. "आणि तो? तो कुठे आहे?"

मी म्हणालो, "तो... गाडीपाशी."

"उभा असेल उन्हात. बॉनेट उघडून." त्यांनी मान हलवली. "कळत काही नाही त्याला. तुम्हाला त्यानेच पाठवलं का?"

मी तोंड उघडलं. मी आहे बाबा, मीच आहे, हे ओठांवर आलं होतं. ते बोललो असतो तर त्यांनी पुन्हा माझ्या तोंडाकडे तसंच बघितलं असतं, आणि केंद्रातल्या जागेचा शेवटचा दिवस, शुक्रवार, उजाडला असता.

"हो," मी म्हणालो. "त्यानेच पाठवलंय."

"मग आधी नाही का सांगायचं?" ते पिशवी घेऊन उठले. "नियम त्यानेच घालून दिलाय. त्याने पाठवलं म्हणजे झालं."

ते आपले आपण गाडीत बसले. मी हात पुढे केला होता, त्याची गरज पडली नाही. बसल्यावर त्यांनी पाय लांब केले, गुडघ्यांवरून तळवे फिरवले आणि मला आरसे बघायला सांगितले. मी बघितले. निघा म्हणाले. निघालो.

पहिल्या वळणापर्यंत ते माझं गिअर बदलणं ऐकत होते. मग म्हणाले, "गाडी चांगली आहे तुमची. त्याच्या गाडीत बसताना माझा जीव जायचा. पाय दुमडायचे म्हणजे डोळ्यांपुढे काजवे चमकायचे."

"मग त्याला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगायचं? दिवसभर लोकांचे दात घासत बसतो. तेवढीच एक मौज आहे त्याला." त्यांनी मांडीवरची पिशवी सरळ केली. "एकदा माझ्यामुळे त्याच्या गाडीची सीट खराब झाली. तो काही बोलला नाही. घरी नेऊन मला धुतलं, कपडे बदलले. त्याला वाटतं मी विसरलो."

मला समोरचा रस्ता नीट दिसेना. बाबांच्या ते लगेच लक्षात आलं, कारण त्यांच्या बाजूला ब्रेक नसतानाही शिकवताना दाबायचे तसा त्यांचा उजवा पाय खाली दाबला गेला. वेग कमी करा, ते म्हणाले, घाई नाहीये आपल्याला. मी कमी केला. मला त्यांच्याबद्दल माया दाटून आली होती आणि त्याच वेळी त्या मुलाचा, ज्याच्याबद्दल ते इतकं बोलत होते, त्याचा हेवा वाटत होता. हे कुणाला सांगितलं तर लोक मलाही केंद्रात दाखल करतील.

केंद्राच्या फाटकापाशी ते स्वतःच उतरले. दार लावून घेतलं आणि खिडकीशी वाकले.

"उद्या तुम्हीच याल का?"

"त्याची गाडी दुरुस्त झाली की तो येईल," मी म्हणालो. का म्हणालो कुणास ठाऊक.

"ती काही दुरुस्त होत नाही आता. पस्तीस वर्षं गाड्यांत काढली आहेत मी." ते समजुतीच्या स्वरात बोलत होते, जणू मलाच वाईट वाटू नये म्हणून. "तुम्हीच येत जा. फक्त एक करा. मी नीट पोचलो, हे त्याला रोज सांगत जा. बोलत नाही, पण काळजी करतो तो."

"सांगतो," मी म्हणालो.

ते आत गेले. मी कारखान्यात पोचलो, भट्टी लावली, ताईला फोन करून सांगितलं की बाबा केंद्रात गेले. ती फोनवरच रडली. मग बायकोला सांगितलं. दोघींना सांगून झालं तरी अजून एकाला सांगायचं राहिलंय, असं मला दिवसभर वाटत राहिलं.