काचेआडचा गणक

मित्रांनो, मी एक जुना गणक आहे, विमानविरोधी तोफांना नेम सांगणारा. गोड गोष्ट ऐकायची असेल, तर पलीकडे खेळण्यांच्या दालनात जा. मी चिडलेलो आहे, आणि का ते सांगितल्याशिवाय आज गप्प बसणार नाही.

माझ्या पोटात दातेरी चाके आहेत, दांडे आहेत आणि नासपतीसारखी वाकडी एक पोलादी कॅम आहे, फिरताना आपल्या उंचवट्यांनी दांडे पुढेमागे ढकलणारी. विमान दिसते तिथे गोळा मारून उपयोग नसतो. गोळा पोहोचेपर्यंत ते पुढे गेलेले असते. माझ्या दोन बाजूंना दोन शिपाई दुर्बिणीला डोळा लावून बसत आणि चाके फिरवत विमान रेषेवर धरून ठेवत. चाकांच्या वेगावरून मी पुढची जागा काढी, आणि तोफा तिकडे वळत. मोकळ्या आकाशात नेम धरायचा आणि तो बरोबर ठरायचा! डाव्या चाकावरच्या शिपायाला सगळे लंबू म्हणत. पाऊस आला की तो आपला कोट माझ्यावर टाकी आणि स्वतः भिजे.

पुढे विमाने इतकी वेगवान झाली की माझे गणित मागे पडले. त्याचा मला राग नाही. राग आहे तो नंतरचा.

मला एका संग्रहालयाच्या अंगणात उभे केले. तिथल्या प्रमुखाने माझ्या दोन्ही दुर्बिणी घरी नेल्या. कॅम कुणीतरी भंगारात घातली. मग पाहुणे यायचे म्हणून मला हिरवा रंग फासला, तोही तबकड्यांच्या काचांवर आणि तेलाच्या भोकांवर. पुढे पाटी लावली, ‘तोफेचा पंप’. मी आणि पंप! लोक पाटी वाचत, मान डोलवत आणि पुढे जात. आत पाणी झिरपत होते, चाके गंजून आखडत होती, पण लांबून मी चकाकत होतो ना, मग कुणाला काय पडले होते?

एके दिवशी एक नवराबायको आले. ती लंबूची धाकटी बहीण. जन्मभर मोजणीची यंत्रे दुरुस्त करून निवृत्त झालेली. नवरा लेथवरचा कारागीर. पाटी वाचून ती आधी हसली, मग तिने किल्लीने माझ्या डाव्या चाकावरचा रंग खरवडला आणि तिचे हसू मावळले.

“अहो, दादा ज्याचं सांगायचा ते हेच,” ती म्हणाली. “मेल्यांनी याचे डोळे काढलेत.”

संग्रहालयावर आता नवे साहेब होते. दुरुस्ती फुकटात होतेय म्हटल्यावर त्यांनी लगेच परवानगी दिली. रोज सकाळी दोघे चहाचा थर्मास घेऊन येत, रंग सोलत आणि एकमेकांवर करवादत. सुट्या भागांसाठी त्यांनी भंगारबाजार पालथे घातले. दुर्बिणी जुन्या प्रमुखाच्या गच्चीत सापडल्या. आपल्याला त्या भेट मिळाल्यात, असे तो सांगू लागला.

“भेट देणाऱ्याचं नाव सांगा,” ती शांतपणे म्हणाली. “त्यालाही जाऊन विचारते.”

दुर्बिणी परत आल्या.

कॅम मात्र मिळेना. दुसऱ्या एका संग्रहालयात माझ्यासारखाच एक गणक होता, बाहेरून गंजलेला. साहेब म्हणाले, तो फोडा आणि त्याची काढा. ती बघायला गेली. त्याची चाके अजून फिरत होती.

“चालत्याला मारून याला उठवायचं नाही,” तिने परत येऊन सांगितले.

साहेब वैतागले. एक मोटर बसवा, काटा हलल्याशी मतलब, म्हणाले. एरवी तोंड न उघडणारा नवरा तेव्हा बोलला, “मग पाटीवर तसं लिहा. हे यंत्र नाही, सोंग आहे.”

शेवटी त्या गणकाची कॅम त्यांनी उसनी आणली, तिचा प्रत्येक उंचवटा सुई टेकवून मोजला आणि परत नेऊन बसवली. मग नवऱ्याने लेथवर नवी कातली, तिने कानशीने घासली. पहिली बिघडली. दुसरी बसली.

त्या सकाळी वरून एक विमान चालले होते. ती डाव्या चाकावर, तो उजव्या. माझे काटे सरकले आणि विमानाच्या पुढच्या निळ्या जागेवर स्थिरावले. लगेच विमान तिथे आले. तिने दुर्बिणीवरून डोळा काढला नाही; विमान दिसेनासे होईपर्यंत ती चाक फिरवत राहिली.

समारंभात साहेबांनी भाषण ठोकले. मग मला काचेच्या पेटीत बंद केले, कुलूप लावले आणि पाटी दिली, ‘हात लावू नये’. आठवड्याने ती तेलाची बुधली घेऊन आली, तर बाहेरच्यांना परवानगी नाही म्हणाले. बाहेरच्यांना! ती अजूनही येते, काचेपाशी उभी राहते. आत माझे तेल सुकत चालले आहे. तिला दिसते, मला कळते, आणि कुलूप तसेच आहे.

मित्रांनो, रंग फासणे म्हणजे जपणे नव्हे, आणि कोंडून ठेवणे तर मुळीच नव्हे. यंत्राला फिरवणारा हात लागतो. तुम्ही इथे याल तेव्हा माझी वाहवा करू नका. सरळ साहेबांच्या खोलीत जा आणि विचारा, “किल्ली कुठे आहे?” मिळेपर्यंत विचारत राहा.