खालच्या पाड्याची तार

सकाळी सात वाजता घणाचा पहिला घाव माझ्या लोखंडी कवचावर पडला. दुसऱ्या घावाने माझा आस वाकला. तिसरा पडण्याआधी घण उगारणाऱ्या भिकनच्या डोक्यात पहार बसली.

मी एक जुने जनित्र आहे, मित्रांनो. नव्वदच्या दशकात घोटीच्या एका भातगिरणीत मी वीज तयार करत असे. तेव्हा डिझेल इंजिन मला फिरवायचे. धुराने माझे अंग काळे पडले. गिरणी बंद झाली आणि मी भंगारात गेले.

तिथून इगतपुरीच्या डोंगरातल्या वरच्या पाड्याने मला खांद्यावर वाहून आणले. ओढ्याच्या पाण्यावर आपली वीज आपणच करायची, असे त्यांनी ठरवले होते. २००३च्या उन्हाळ्यात त्यांनी इर्जिक घातली. सगळ्यांनी मिळून राबायचे आणि एका पंगतीत जेवायचे, अशी ती रीत. पाट खणला गेला. पावसाळ्यात पाण्याने माझे चाक फिरवले, घराघरांत दिवे लागले. मला हारही घातला.

खालचा पाडा मात्र अंधारात राहिला. पाट खणला जात होता तेव्हा तिथली माणसे देवळ्याला कांदे काढायला गेली होती. परत आल्यावर त्यांच्यातला भिकन, माझी देखरेख करणाऱ्या वरच्या पाड्याच्या यादवकडे गेला.

"यादवदादा, लय नको. घरटी एक दिवा दे."

"इर्जिकीला कुठं व्हता?"

"पोटापायी देवळ्याला. तुला ठावं हाय."

"जेवायला नव्हता, मग आता हात धुवायला आला का?"

माणसे हसली. भिकन खाली मान घालून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात तो कांद्याला गेलाच नाही. पाटातला गाळ त्याने एकट्याने उपसला आणि पुन्हा तार मागितली.

"तुला बोलावलं कुणी?" यादव म्हणाला. "बिनबोलावता राबला, ती इर्जिक नाय."

त्या पावसाळ्यात अंधारात भिकनच्या बायकोला, कुसाबाईला, मण्यार चावली. उजाडायच्या आत ती गेली. दिवा असता तर साप दिसला असता, असे भिकन सांगत राहिला. तिला माती दिल्यावर दुसऱ्याच सकाळी तो घण घेऊन माझ्याकडे आला. पहार यादवच्या हातात होती.

मग दोन्ही पाडे धावून आले. दगड सुटले, कोयते निघाले. भिकनचा भाऊ बहिरू याची दोन बोटे माझ्या पायाशी तुटून पडली. पाट वाहत होता, माझे चाक थांबले होते.

मित्रांनो, मला तेल लागते, झाकायला छप्पर लागते. पण माझ्यातून निघालेली तार कुणाच्या दारापर्यंत जाते आणि कुणाच्या दाराआधी थांबते, हेही बघत जा. माझी निगा त्यातही आहे.

आता दोन्ही पाडे अंधारात आहेत. यादव कोठडीत आहे. मला दुरुस्त करून तार खाली न्यायची, असे वरच्या पाड्याने काल ठरवले. ते सांगायला म्हातारा लहानू खाली गेला, तेव्हा एकही दार उघडले नाही. भिकन नाशिकच्या इस्पितळात आहे. तो अजून शुद्धीवर आलेला नाही.