तळमजल्यावरचा उकाडा

जानेवारीत अख्खं कुवेत गारठलेलं आणि अमिरुन्निसा घामाने निथळत होती. सांगितलं असतं तर दाभोळात कुणाला खरं वाटलं नसतं. बाहेर माणसं कानाला मफलर गुंडाळून चाललेली, आणि हिच्या खोलीत भिंतीला हात लावावा तर भिंतसुद्धा कोमट. खिडकीखाली तो बारा फासळ्यांचा लोखंडी रेडिएटर बसलेला. पहाटेपासून सूं सूं करत होता मेला. त्याच्यावर टाकलेला ओला टॉवेल बघता बघता वाळून कडक व्हायचा.

आता कुवेतात वाफेचा रेडिएटर कुठून आला, तर त्यालाही एक हौस कारण. सलवा भागातली ही तीन मजली इमारत जुनी. मालकीण असमा, तिच्या वडिलांनी कधीकाळी परदेशात वाफेवर तापणारी घरं बघितली आणि बोटीतून बॉयलर आणवला. आजूबाजूला सगळे विजेचे हीटर लावतात. इथे मात्र तळघरात डिझेलवर बॉयलर धडधडतो आणि त्याची वाफ पाइपातून वरच्या मजल्यांवर चढते. वडील गेले, पण असमाबाईंनी बॉयलर काही काढू दिला नाही. तो सांभाळायला यूसुफ. एकोणतीस वर्षं. त्याची खोली बॉयलरच्या बरोब्बर डोक्यावर, तेव्हा वाफ आधी त्याच्याकडे शिरणार आणि मग बाकीच्यांकडे.

तोच यूसुफ आता खाटेवर पडून होता. दीड महिन्यापूर्वी अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अमिरुन्निसा त्याची बायको. अठ्ठावन्नाव्या वर्षी ती पहिल्यांदा विमानात बसली, ती त्याला घरी न्यायला. मुंब्र्याच्या लेकीने, फरजानाने, तिकिटं काढून दिली होती. पण त्याच्यासारख्या माणसाला विमानात घ्यायचं तर डॉक्टरची सही लागते, आणि डॉक्टर आला त्या दिवशी ताप निघाला अडतीसच्या वर. सही नाही. विमान गेलं. आता दुसरं तिकीट शुक्रवारचं होतं, डॉक्टर उद्या दुपारी येणार होता, आणि शनिवारी हिचा व्हिसा संपत होता. उद्या पुन्हा ताप निघाला तर ही एकटी परत जाणार आणि तो इथेच राहणार, कुणाच्या तरी भरवशावर.

तिने त्याच्या काखेतलं थर्मामीटर काढून उजेडात धरलं. अडतीस पूर्णांक चार.

"या अल्ला," ती म्हणाली, आणि तिने त्याच्या अंगावर आणखी एक रजई घातली.

तुम्ही हसाल. पण तिच्या जागी दाभोळची दुसरी कुठली बाई असती तरी तिने हेच केलं असतं. वारं गेलेल्या माणसाला वारं लागता कामा नये, हे तिकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तिच्या सासूचं असंच झालं होतं, तेव्हा तिने सासूला तीन महिने बंद खोलीत, कानाला फडकं बांधून सांभाळलं होतं. इथे आल्या आल्या तिने पहिलं काम काय केलं असेल, तर यूसुफची जुनी लुंगी फाडून खिडकीच्या फटींत बोळे कोंबले. दाराखाली चादर. यूसुफच्या कानाला मफलर. सगळं कसं बंदोबस्तात.

यूसुफने डावा हात वर केला. तळहात वर होता तो खाली केला, पुन्हा वर, पुन्हा खाली. तव्यावर भाकरी उलटावी तसा.

"कूस बदलायचीय?" तिने त्याला हळूहळू भिंतीकडे वळवलं. पाठीत कळ आली तिच्या. त्याने घशातून गुरगुर केली आणि पुन्हा तोच हात.

"पाणी? नाही? मग काय, अंगाखालचं बदलू? अहो, आत्ताच बदललं ना!"

चार दिवस हे चाललं होतं. दर तासाला हात उलटसुलट, दर तासाला हिने त्याला वळवायचं, आणि दर वेळी त्याच्या डोळ्यांत राग. अंगात ताकद म्हणून उरली नव्हती तिच्या. कधीकधी तिला वाटायचं, आपण स्वतःच त्या खाटेच्या दुसऱ्या बाजूला आडवं व्हावं आणि कुणीतरी दोघांना एकदमच उचलून न्यावं.

अकरा वाजता मुकेश आला. मुकेश देवगडचा, पंचेचाळिशीतला, एसीचं काम करणारा. राहायचा फरवानियात आठ जणांच्या खोलीत, आणि गेली अकरा वर्षं दर शुक्रवारी जेवायला यूसुफकडे. यूसुफ पडल्यापासून असमाबाईंनी बॉयलर त्याच्याच गळ्यात मारला होता. त्याला वाफेतलं ओ की ठो कळत नव्हतं.

"चाची, ही काय भट्टी!" तो दारातच म्हणाला.

"तूच पेटवलीस. बंद कर ती."

"बंद कशी करू? तिसऱ्या माळ्यावर असमाबाईंची म्हातारी आवस आसा, नव्वद वर्षांची. थय वाफ पोचणा नाय म्हणान चार दिवसांपूर्वी मी प्रेशर वाढवलंय. बंद केलंय तर ती कुडकुडात."

"मग हा तरी बंद कर."

मुकेशने रेडिएटरच्या बुडाचा वाल्व पान्ह्यात धरला आणि जोर लावला. अर्धा फिरला, पुढे फिरेना. आणि लगेच पाइपात कुणीतरी घण मारल्यासारखे धाड धाड आवाज सुरू झाले. वाल्वच्या दांड्याच्या बाजूने गरम पाणी थुंकलं. अमिरुन्निसा किंचाळली. यूसुफ तर असा ओरडला, शब्द नसलेलं ते ओरडणं, की मुकेशने घाबरून वाल्व होता तसा उघडला. आवाज थांबले.

"जाम झालो हा," मुकेश जमिनीवर बसत म्हणाला. "अर्धो बंद करून चालणा नाय आणि पुरो बंद होणा नाय. चाचांनी आमका कधी हात लावूक दिल्यानी नाय. म्हणायचे, तू तुझो एसी बघ."

यूसुफचा हात वर गेला. तळहात वर, खाली. वर, खाली.

"बघ, बघ परत! वळवून वळवून माझे हात तुटले, मुकेश. काय हवंय तरी काय या माणसाला?" आणि तिला रडूच फुटलं. पदराने तोंड दाबून ती खाली बसली, रेडिएटरला पाठ करून.

तिथे बसली म्हणून तिला दिसलं. यूसुफ तिच्याकडे बघतच नव्हता. चार दिवस तिने हाताकडे बघितलं होतं, डोळ्यांकडे नाही. डोळे तिच्या डोक्यावरून रेडिएटरवर लागले होते, शेवटच्या फासळीवर. तिथे अंगठ्याएवढं एक चकचकीत पितळी बोंडूक होतं, तोंड वर करून. सूं सूं आवाज त्यातूनच येत होता.

"हे काय आहे?"

"हवा जावची जागा. ह्यातून हवा भायर गेली की आत वाफ येता."

तिने बोट त्या बोंडकावर नेलं आणि यूसुफकडे बघितलं. त्याचा हात थांबला. मग अगदी सावकाश, मठ्ठ मुलाला शिकवावं तसा, त्याने तळहात एकदाच उलटा केला.

"हे उलटं करायचं?"

यूसुफने डोळे मिटले आणि उघडले.

"आवशीचो घो!" मुकेश उठलाच. "तोंड खाली केला तर आतली झडप बंद पडतली, हवा भायर जाणार नाय, हवा गेली नाय तर वाफ आत येणार नाय. चार दिवस माणूस सांगतासा आणि आमी त्येकाच उलटो-पालटो करतो!"

तो तळघरात जाऊन अर्ध्या तासापुरता बॉयलर बंद करून आला. लोखंड जरा निवल्यावर त्याने ते बोंडूक फडक्यात धरलं आणि अर्धा वेढा फिरवून तोंड खाली केलं. मग बॉयलर पुन्हा चालू. वाफ आली, पाइप तापला, पहिली फासळी तापली आणि वाफ तिथेच थांबली. बाकीच्या अकरा गार. सूं सूं बंद. खोलीत इतकी शांतता झाली की रस्त्यावरची गाडी ऐकू आली.

"आता खिडकी उघडा," मुकेश म्हणाला.

"खिडकी? वारं लागेल त्यांना!"

"चाची, तेंका उकाडा सोसणा नाय. हे थंडीतसुद्धा खिडकी उघडी टाकून निजतत, उघड्या अंगान. तुमका म्हायत नाय?"

नव्हतं माहीत. दाभोळला तो यायचा दोन वर्षांनी, महिना-दीड महिना, आणि खिडक्या ती लावायची. पस्तीस वर्षांच्या संसारात सगळे दिवस एका जागी केले तर तीन वर्षं भरली नसती. तिने फटींतले बोळे एकेक करून उपसले आणि खिडकी चार बोटं उघडली. रजया काढल्या. मफलर सोडला. मनातून ती भीतीने अर्धमेली झाली होती. पण यूसुफने एवढा मोठा श्वास घेतला, जणू पाण्याखालून वर आला.

संध्याकाळी सदतीस पूर्णांक सहा. सकाळी छत्तीस पूर्णांक आठ.

दुपारी डॉक्टर नबील आला. गंभीर माणूस, घाईतला. मुकेश अर्धा दिवस कामावरून पळून आला होता, अरबी बोलायला. डॉक्टरने ताप बघितला, छाती बघितली, मान हलवली. मग कागद पुढ्यात घेऊन एकेक प्रश्न विचारायला लागला. प्रश्न अमिरुन्निसासाठी होते, ते कळत होतं, कारण तो तिच्याकडे बोट करत होता. पण मुकेश तिला विचारतच नव्हता. डॉक्टरने विचारलं की हा फाडकन उत्तर द्यायचा.

"काय विचारतायत?"

"काय नाय चाची. कुठल्या कुशीर निजतत. डावी सांगितलंय. कुठला औषध सोसणा नाय. सिगरेट कधी सोडल्यानी. कान कुठलो कमी ऐकता."

"कान? कानाला काय झालं?"

"उजवो. बॉयलरच्या आवाजान. आठ वर्षां झाली."

बारा दिवस ती उजव्या कानाशी वाकून बोलत होती.

डॉक्टरने सही केली, शिक्का मारला, कागद तिच्या हातात दिला आणि गेला. झालं. ज्या कागदासाठी जीव टांगणीला लागला होता तो कागद हातात होता, आणि अमिरुन्निसा खाटेच्या कडेवर बसून त्याच्याकडे नुसती बघत राहिली. माणूस घरी न्यायची परवानगी मिळाली होती. पण हा माणूस आपल्याला ठाऊक कुठे आहे? बोलता येत होतं तोवर तो इथे होता, आणि आता घरी येतोय तो मुका.

मुकेश चपला घालत होता.

"थांब," ती म्हणाली. "बस इथे. शुक्रवारपर्यंत रोज ये. मला सगळं सांग."

"काय सांगू?"

"काय खातात, काय नाही. कशाने चिडतात. सगळं. आधी चहा टाकते, मग सांग."

तिने तीन कप चहा केला. यूसुफच्या कपात तीन चमचे साखर घालून ढवळायला घेतलं, तसा मुकेश अवघडून म्हणाला, "चाची... चाचा कोरो चहा पितत. बिनसाखरेचो. गोड चहा तेंका उलटी आणता."

चमचा कपात तसाच थांबला. पस्तीस वर्षं. दर सुट्टीला, पहिल्या सकाळी, तीन चमचे, वर साय. आणि तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायचा, कप पालथा घालून दाखवायचा. एकदाही नाही म्हणाला नव्हता.

तिने वळून बघितलं. यूसुफ हसत होता. अर्धाच चेहरा हसत होता, डावा, पण हसत होता, आणि डोळ्यांतून पाणी उशीवर गळत होतं.

"हसा!" अमिरुन्निसा म्हणाली, आणि त्याच्या डाव्या कानाशी जाऊन, आवाज फुटेपर्यंत ओरडून म्हणाली, "हसा! तोंड होतं तेव्हा बोलला नाहीत, आता हसा!"