वाकड्या तोंडाचा चिमटा

मित्रांनो, मी एक जुना पोलादी चिमटा आहे. माझं तोंड वाकडं आहे, पण ते जन्मापासून. कुणाचं चांगलं बघवत नाही म्हणून झालेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पोलादाची पट्टी कापून, ठोकून, घासून आम्हा भावंडांना शेकड्याने घडवलं. मी एका ओव्हरलॉक मशीनबरोबर कपडे शिवायच्या कारखान्यात गेलो. त्या मशीनला चार दोरे लागतात आणि ते ओवायच्या जागी माणसाचं बोट शिरत नाही. तिथे माझी गरज. माझी मालकीण त्या मशीनवर सव्वीस वर्षं बसली. शाळेत फार गेली नव्हती, पण दोरा तुटायच्या आधी तिला कळायचं. काम सोडताना साहेबांनी विचारलं, आठवण म्हणून काय देऊ? तिने मला मागून घेतलं. मी असा ताठ झालो की दोन दिवस मिटेना.

घरी तिच्या मुलाला छोट्या प्रतिकृती बनवायचा नाद होता. मुलगा म्हणजे चांगला पंचेचाळिशीचा बाप्या. अशा दहा-बारा नादिष्टांचं मंडळ दर शनिवारी संध्याकाळी संगणकावर जमायचं. कुणी पूल करी, कुणी आगगाडी. आमच्याकडे तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज होतं. वीतभर डोलकाठी, तिच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याच्या शिड्या आणि एकेका शिडीला चाळीस गाठी. मुलगा लाकूड सुरेख कापायचा, खोटं कशाला बोलू. पण गाठी मारायला बसला की सगळा गुंता.

"सरक," एकदा आई म्हणाली. "जहाज करतोयस का जाळं?"

तिने दोऱ्याला मेण लावलं आणि मला उचललं. सहा महिन्यांत दोन डोलकाठ्या बांधून झाल्या. शनिवारी मुलगा जहाज कॅमेऱ्यासमोर धरायचा, मंडळी वाहवा करायची, आणि तो म्हणायचा, सराव हो, दुसरं काय. मालकीण कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बाजूला बसून गालात हसायची. लेकाचं कौतुक तिला गोड लागत होतं. मला नाही लागलं. पण चिमट्याला कोण विचारतो?

मग मंडळाने त्याला गाठी मारून दाखवायला सांगितलं. अशा वेळी कॅमेरा टेबलावर असतो, फक्त हात दिसतात. रंगाला बोटांचे डाग पडू नयेत म्हणून सगळेच पातळ हातमोजे घालतात. मुलाला तिथे वाट सापडली. त्याने आपला लांब बाह्यांचा शर्ट आईपुढे धरला.

"आणि कुणी विचारलं म्हणजे?" ती म्हणाली.

"शेवटी सांगणारच आहे ना, आई. कॅमेरा वर करतो आणि तुलाच दाखवतो. सगळे गार पडतील."

त्या शनिवारी मालकिणीने केस नीट विंचरले, तोंडाला पावडर लावली. हातांचंच काम होतं, तरी लावली.

पहिल्या दोन गाठी झाल्या. तिसरीला मंडळातले एक म्हातारे घड्याळजी म्हणाले, दोरा तुम्ही स्वतःपासून लांब ओढता, आम्ही सगळे आपल्याकडे ओढतो. म्हणून तुमची गाठ सपाट बसते.

"हे शिकवलं कुणी तुम्हाला?"

मालकिणीचा हात थांबला. अर्धी गाठ माझ्या तोंडात होती. तिने मान वळवून शेजारी बसलेल्या मुलाकडे पाहिलं. त्याने फक्त एक शब्द बोलायचा होता.

"कुणी नाही," तो म्हणाला. "माझं मीच बसवलं."

घड्याळजींनी शाबासकी दिली. सभा संपली. कॅमेरा टेबलावरच राहिला.

मालकिणीने तिसरी गाठ पुरी केली. काम अर्धवट टाकणं तिच्या रक्तात नाही. मग एकेक बोट करत हातमोजे काढले, शर्ट उतरवून घडी घातली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"उरलेलंही तूच बसव, बाळा," म्हणाली आणि गेली. तेव्हापासून शनिवारी ती त्या खोलीत पाऊल टाकत नाही.

मला मात्र तिथेच ठेवून गेली. सव्वीस वर्षांची सोबत, पण मागे वळून पाहिलं नाही. तिच्यावरही माझा राग आहे, तो मी लपवत नाही.

मुलाने मला घेऊन गाठी मारून पाहिल्या. जमेना, तेव्हा माझ्याच टोकाने सुकलेला गोंद खरवडला. आता माझी दोन टोकं एकमेकांना भेटत नाहीत. मी ड्रॉवरमध्ये पडून असतो. ड्रॉवर नीट लागत नाही, म्हणून थोडं बाहेरचं दिसतं.

मित्रांनो, चिमट्याने गोंद खरवडू नका. काम झालं की टोक पुसून ठेवा. आणि हे कुणाच्या हातचं, असं कुणी विचारलं, तर ज्याचं त्याचं नाव सांगा. तुमच्या अंगावरचं मांस काही झडणार नाही.

तिसरी डोलकाठी अजून उघडी आहे. दर शनिवारी सभा सुरू व्हायच्या आधी मुलगा जहाज हळूच फिरवतो, तिरकं करतो आणि ती डोलकाठी मागे जाईल असं ठेवतो. मग कॅमेरा लावतो.