डाव्या हाताची खाडी

भाईचा माज उतरवायचाच, असं आरोंद्याच्या गुरुदासने सातेरीच्या देवळात उभं राहून ठरवलं. गाऱ्हाणं घालायला गुरव होता, पण त्याला सांगायचं म्हणजे गावभर दवंडी. म्हणून गाऱ्हाणंही यानेच घातलं आणि गाऱ्हाण्यावर लोकांनी म्हणायचं 'होय म्हाराजा'ही यानेच म्हटलं. सूड घ्यायचा म्हटला की माणूस भलताच स्वावलंबी होतो.

तसं कारणही होतं. गुरुदास, भाई, लवू आणि आणखी दोघे असे पाच जण सात-आठ वर्षांचे असल्यापासून एकत्र फुटबॉल खेळत आले होते. सावंतवाडीच्या कॉलेजात गेले तेही पाचही एकदम, आणि कॉलेजने शहाणपणा करून ती पाच पोरं जशीच्या तशी पुढच्या फळीत घातली. गुरुदास मधे, भाई त्याच्या उजवीकडे, लवू अगदी डाव्या टोकाला. ती फळी तीन वर्षं कुणाला अडवता आली नाही. इतर कॉलेजांत दर वर्षी नवे चेहरे, त्यांची ओळख होईस्तोवर हंगाम संपायचा. इथे मान वर करून बघायचीही गरज नसे. लवू कुठे पोचला असेल, हे गुरुदासच्या पायाला आधीच कळायचं.

शेवटच्या वर्षी, म्हणजे सहासष्ट साली, भाईने घात केला. खाडीपलीकडे गोव्यात फेस्ताला, म्हणजे चर्चच्या जत्रेला, सामने होत, आणि पाचही जण होडीने जाऊन तिथे खेळून येत. बाहेरच्या संघातून खेळायचं नाही असा कॉलेजचा नियम होता. खेळाचं काम बघणाऱ्या काशिनाथ सरांच्या कानाला भाई लागला आणि त्याने नाव सांगितलं ते एकट्या गुरुदासचं. स्वतः त्याच होडीत बसून गेला होता, हे मात्र गिळलं. सरांनी गुरुदासला काढलं. मधली जागा आणि कप्तानकी, दोन्ही भाईला मिळाली.

लवू तेवढा रडला. "तू नाय तर मी पण खेळूचंय नाय," म्हणाला.

"गप खेळ," गुरुदासने त्याला दटावलं. लवूच्या घरच्यांचे डोळे त्याच्या पायांकडे लागले होते. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर रेल्वेत खेळाडू म्हणून नोकरी लागते, असं त्याच्या बापाला कुणीतरी सांगितलं होतं.

मग गुरुदास आयुष्यात पहिल्यांदा रेघेबाहेर बसला, आणि बसल्यावर त्याला जे दिसलं ते बारा वर्षं आत खेळून दिसलं नव्हतं. फळी डावीकडून सुसाट निघायची आणि डाव्या हाताची रेघ दहा पावलांवर आली की वळायची उजवीकडे. दर वेळी! गुरुदासला हसूच फुटलं. गावात ते खाजणात, खाडीकाठच्या खारट जमिनीत, खेळत. दोन माडांमधला एकच गोल, आणि डाव्या हाताला खाडी. चेंडू खाडीत घालवील त्याने पोहत जाऊन आणायचा. ओहोटी असली तर चेंडू थेट तेरेखोलला, समुद्राच्या तोंडाशी. त्या धास्तीने लहानपणीच त्यांचे पाय उजवीकडे वळायला शिकले होते. इथे खाडी नव्हती, चुन्याची रेघ होती, पण पायांना कोण सांगणार?

महिन्याभरात त्याने नाव काढून दुसऱ्या तालुक्यातल्या कॉलेजात घातलं. बदलून आलेल्याला वर्षभर खेळता येत नसे, शिकवायला मात्र बंदी नव्हती. तिथली पोरं कच्ची, जेमतेम वर्षभराची. त्यांना त्याने एवढंच घोकवलं: डावी बाजू सोडून द्या. मोकळी. वळणावर दोघे उभे राहा, चेंडू आपणहून तुमच्या पायांत येईल.

डिसेंबरात सामना सावंतवाडीलाच झाला. विद्यापीठाच्या संघाच्या निवडीसाठी मुंबईहून दोन माणसं आली होती. हे कळल्यावर गुरुदासला दुप्पट आनंद झाला होता. भाईची फजिती व्हायचीच, तर ती बड्या माणसांसमोर होऊ दे!

आणि झालीही. लवू चेंडू घेऊन निघाला, वळला, दोघांच्या तावडीत सापडला. पुन्हा निघाला, पुन्हा वळला. मधे भाई हात पसरून ओरडत राहिला, त्याच्यापर्यंत चेंडू येईचना. लोक हुर्यो करू लागले. प्रत्येक हुर्योबरोबर गुरुदासचं काळीज निवत होतं. खेळ संपायला पाच मिनिटं असताना त्याच्या कच्च्या पोरांनी एक गोल घातला, आणि तेवढा पुरला.

गुरुदास छाती काढून भाईसमोर जाऊन उभा राहिला.

"जिकलंस रे," भाई तोंड पुसत म्हणाला. "माका काय त्याचा? परवाच्या बोटीन मी मुंबैक जातंय. मामान गोदीत काम बघून ठेयल्यान." आणि शीळ घालत निघूनही गेला. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, त्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

काशिनाथ सर मुंबईच्या माणसांना निरोप देऊन परत आले. लवू मैदानातच गुडघ्यांत मान घालून बसला होता. सर त्याच्याजवळ थांबले.

"नाही घेतलं तुला. डावीकडे एवढी मोकळी जागा, आणि हा मुलगा तिथे शिरतच नाही, म्हणाले. मैदान वाचता येत नाही, म्हणाले."

पाच जणांची फळी ती. मधल्यावर धरलेला नेम टोकाच्याला लागला होता, आणि नेम धरणाऱ्याला टोकाच्याची आठवणही झाली नव्हती. गुरुदास लवूशेजारी मातीत बसला.

लवूने मान वर केली. डोळे लाल, पण त्यात राग म्हणून नव्हता.

"गुरग्या, तू भायर होतंस," तो म्हणाला. "तुका दिसला आसतला. माझा काय चुकला रे?"

अख्ख्या मैदानात उत्तर एकट्या गुरुदासला ठाऊक होतं. तो लवूच्या पायांवरची माती झाडत राहिला.